फ्रॉन्सिस टॅव्हर्न : एक वास्तू आणि तिची पालकसंस्था

न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला, पर्ल स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर, ५४ क्रमांकाची जी विटांची इमारत उभी आहे, तिला फ्रॉन्सिस टॅव्हर्न असे नाव आहे. ही इमारत आणि तिच्यातील संग्रहालय यांचा सांभाळ ‘सन्स ऑफ द रेव्होल्यूशन इन द स्टेट ऑफ न्यूयॉर्क’ ही संस्था १९०४ पासून करीत आली आहे. संस्थेची स्थापना १८७६ ची आणि वास्तूची उभारणी १७१९ ची असल्यामुळे संस्थेच्या दीडशे वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना तिच्या जन्माआधीच्या दीडशे वर्षांकडेही पाहणे भाग पडते. कारण जी वास्तू पुढे संस्थेचे घर झाली, तिच्याभोवतीच्या आठवणींतूनच संस्थेचा जन्म झाला.

‘टॅव्हर्न’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘गुत्ता’ म्हटले तर त्याला हीनत्वाची छटा येते, ‘खानावळ’ म्हटले तर दारू वगळली जाते आणि ‘धर्मशाळा’ म्हटले तर पैशाचा व्यवहार नाहीसा होतो. अठराव्या शतकातील अमेरिकी वसाहतींत टॅव्हर्न ही या सर्वांची मिळून एक जागा होती. तेथे जेवण मिळे, मद्य मिळे, वाटसरूला रात्रीपुरती खाट मिळे, जहाजांच्या वार्ता कळत, लिलाव होत, वर्तमानपत्रे मोठ्याने वाचली जात आणि ज्या मंडळींना स्वतःचे सभागृह नव्हते, त्यांच्या सभा तेथील वरच्या दालनात भरत. तेथे घंगाळाएवढ्या भांड्यातून वाढले जाणारे ‘पंच’ हे पेय रम, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला मिळून होत असे आणि त्याचे नाव आपल्या ‘पाच’ या संख्येवरून पडले व हिंदुस्थानात आलेल्या खलाशांनी ते पश्चिमेकडे नेले, असे सामान्यतः मानले जाते.

पूर्वपीठिका : १७१९ ते १७८५

पर्ल स्ट्रीट हा एके काळी बेटाचा किनाराच होता आणि तेथे पडणाऱ्या शिंपल्यांवरून त्याला ते नाव मिळाले. त्याला येऊन मिळणारा ब्रॉड स्ट्रीट हा डच अमलात खोदलेला कालवा होता. तो १६७६ च्या सुमारास बुजवण्यात आला. पर्ल स्ट्रीटच्या पुढे समुद्रात भराव टाकून जी जमीन तयार झाली, तिच्यावर हा सगळा ठोकळा, म्हणजे चार रस्त्यांनी वेढलेला इमारतींचा पुंजका, उभा आहे. ही जागा स्टीफेनस व्हॅन कोर्टलँट या बड्या जमीनदाराकडून त्याचा जावई स्टीफन डीलान्सी याच्याकडे आली. डीलान्सी हा धर्मछळामुळे फ्रान्स सोडून आलेला ह्यूगेनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, व्यापारी होता. त्याने १७१९ मध्ये येथे घर बांधले आणि त्यासाठी हॉलंडमधून पिवळसर रंगाच्या लहान विटा आणवल्या असे सांगितले जाते. पुढे कुटुंब दुसरीकडे गेल्यावर घराची वखार झाली.

१७६२ मध्ये सॅम्युएल फ्रॉन्सिस याने ही इमारत २,००० पौंडांना विकत घेतली आणि तिसऱ्या जॉर्ज राजाची राणी शार्लट हिच्या चित्राची पाटी दारावर लावून ‘क्वीन्स हेड’ या नावाने टॅव्हर्न उघडली. फ्रॉन्सिसच्या पूर्वायुष्याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. तो वेस्ट इंडीजमधून आला असावा असे बहुतेकांचे मत आहे. समकालीन लोक त्याला ‘ब्लॅक सॅम’ म्हणत, परंतु त्या टोपणनावावरून त्याच्या वंशाविषयी निष्कर्ष काढता येतो की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. त्याच्या हाताला चव होती, विशेषतः गोड पदार्थ करण्यात त्याचा हातखंडा होता, याबद्दल मात्र कोणाचेच दुमत नाही.

५ एप्रिल १७६८ रोजी शहरातील २० व्यापाऱ्यांनी या इमारतीत एकत्र येऊन न्यूयॉर्कच्या ‘चेंबर ऑफ कॉमर्स’ची, म्हणजे व्यापारी महामंडळाची, स्थापना केली. त्यानंतरच्या काही वर्षांत ब्रिटिश करांना विरोध करणाऱ्या ‘सन्स ऑफ लिबर्टी’ या गटाच्या बैठकाही येथे भरू लागल्या आणि १७७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चहा न्यूयॉर्क बंदरात उतरू न देण्याच्या चळवळीत या मंडळींचा पुढाकार होता. ज्या कंपनीचा चहा येथे नाकारला जात होता, तीच कंपनी पुढच्याच वर्षी पुण्याच्या गादीच्या वादात उतरली आणि तिची मराठ्यांशी चाललेली लढाई सालबाईच्या तहापर्यंत, म्हणजे अमेरिकी युद्धाच्या अखेरीपर्यंत, लांबली. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच वेळी चाललेल्या या दोन झगड्यांची सांगड घालणारे लेखन मराठीत अजून फारसे झालेले नाही.

ऑगस्ट १७७५ मध्ये बेटाच्या टोकावरील ‘बॅटरी’ येथील तोफा हलवणाऱ्या बंडखोरांवर ‘एशिया’ या ब्रिटिश युद्धनौकेने मारा केला, तेव्हा एक गोळा टॅव्हर्नच्या छपरातून आत आला अशी परंपरा आहे. सप्टेंबर १७७६ च्या मोठ्या आगीत शहराचा बराच भाग जळाला, तेव्हा मात्र इमारत बचावली.

सात वर्षांच्या ब्रिटिश ताब्यानंतर १७८३ हे वर्ष उजाडले आणि या एका वर्षात इमारतीच्या वाट्याला दोन प्रसंग आले. पहिला फार काळ विस्मृतीत होता. ब्रिटिशांनी युद्धकाळात असे जाहीर केले होते की, बंडखोर मालकांकडून पळून ब्रिटिश हद्दीत येणारे कृष्णवर्णीय गुलाम मुक्त समजले जातील. उलट, तहाच्या मसुद्यात अमेरिकी नागरिकांची ‘मालमत्ता’, आणि तीत गुलामही आले, बरोबर नेऊ नये असे कलम घालण्यात आले. या दोहोंतून वाट काढण्यासाठी सेनापती सर गाय कार्लटन याने एक मंडळ नेमले. मे ते नोव्हेंबर या काळात दर बुधवारी हे मंडळ फ्रॉन्सिसच्या टॅव्हर्नमध्ये बसे आणि समोर आलेला माणूस मुक्त की कोणाच्या मालकीचा, याचा निवाडा करी. ब्रिगेडियर जनरल सॅम्युएल बर्च याच्या सहीचा दाखला ज्याला मिळाला, त्याला जहाजावर चढता येत असे. अशा सुमारे ३,००० स्त्री-पुरुष-मुलांची नावे, वये आणि वर्णने ज्या नोंदवहीत उतरवली गेली, तिला ‘बुक ऑफ नीग्रोज’ म्हणतात. त्यांतील बहुतेक जण नोव्हा स्कोशियाला गेले. त्याच मे महिन्यात टॅपन या गावी जॉर्ज वॉशिंग्टन आणि कार्लटन यांची भेट झाली आणि वॉशिंग्टनने गुलाम परत मागितले. त्या भेटीच्या वेळचे जेवण सॅम्युएल फ्रॉन्सिसनेच रांधले होते.

दुसरा प्रसंग सर्वश्रुत आहे. २५ नोव्हेंबरला ब्रिटिश फौजा शहर सोडून गेल्या आणि त्यानंतर नऊ दिवसांनी, ४ डिसेंबर १७८३ रोजी, वॉशिंग्टनने टॅव्हर्नच्या वरच्या मजल्यावरील ‘लाँग रूम’ या लांबट दालनात आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला. या भेटीचा तपशीलवार वृत्तांत लिहिला तो बेंजामिन टॉलमॅज या अधिकाऱ्याने, आणि तोही पुष्कळ वर्षांनंतर, उतारवयात. वॉशिंग्टनने पेला भरून दोन शब्द बोलणे, हेन्री नॉक्सने प्रथम पुढे होणे, एकेकाला आलिंगन देताना सर्वांचेच डोळे भरून येणे आणि कोणाच्याही तोंडून शब्द न फुटणे, हे सारे मुख्यतः टॉलमॅजच्या लेखणीमुळे आज ठाऊक आहे. तो वृत्तांत नसता तर त्या दालनाला महत्त्व आले असते की नाही, याची शंकाच आहे. टॉलमॅज हे नाव या इतिहासात पुन्हा येणार आहे.

पडझडीचे शतक : १७८५ ते १८७५

फ्रॉन्सिसने १७८५ मध्ये इमारत विकली. पुढे तो राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या घरचा कारभारी झाला आणि १७९५ मध्ये फिलाडेल्फियात वारला. विक्रीच्या वेळी न्यूयॉर्क ही देशाची राजधानी असल्यामुळे विकलेल्या इमारतीच्या खोल्या काँग्रेसने भाड्याने घेतल्या आणि परराष्ट्र, युद्ध व कोषागार या तीन खात्यांच्या कचेऱ्या काही काळ तेथे होत्या. जॉन जे आणि हेन्री नॉक्स या खातेप्रमुखांचा कारभार येथून चाले. म्हणजे काही वर्षांपूर्वीच ज्या दालनात नॉक्स डोळे पुसत उभा होता, त्याच छपराखाली तो आता हिशेब तपासत होता.

राजधानी हलल्यावर इमारतीची सद्दी संपली. एकोणिसाव्या शतकात ती कधी दारूचे दुकान, कधी भाड्याच्या खोल्या, तर १८४५ ते १८६० या काळात ‘ब्रॉड स्ट्रीट हाउस’ नावाचे हॉटेल होती. डिसेंबर १८३५ च्या आगीने जवळपासचा व्यापारी भाग बेचिराख केला, त्यातून ती वाचली; परंतु १८३२ पासून खुद्द तिलाच वरचेवर आगी लागत गेल्या आणि प्रत्येक आगीनंतर थोडे जुने गेले व थोडे नवे आले. १८५२ च्या आगीनंतर दोन मजले वाढवून ती पाच मजली करण्यात आली व मूळचे उतरते छप्पर जाऊन सपाट गच्ची आली. १८९० मध्ये दारूचा गुत्ता रस्त्याच्या पातळीपर्यंत खाली उतरवून दर्शनी भाग बदलण्यात आला आणि निघालेल्या जुन्या तुळया स्मरणवस्तू म्हणून विकल्या गेल्या. ज्यांनी त्या विकत घेतल्या, त्यांनी वास्तूवरील प्रेमापोटीच घेतल्या असणार, हे यातले विशेष.

१८७६ ते १८८९ : संस्थेची स्थापना

युद्ध संपताना १७८३ मध्ये अधिकाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’ ही संघटना काढली होती. तिचे सभासदत्व वंशपरंपरेने आणि साधारणतः ज्येष्ठ पुत्राकडे जात असल्यामुळे, लढलेल्या घराण्यांतील धाकट्या पात्यांना आणि साध्या सैनिकांच्या वंशजांना तेथे प्रवेश नव्हता. न्यूयॉर्कमधील इतिहासलेखक जॉन ऑस्टिन स्टीव्हन्स यांचे आजोबा एबनेझर स्टीव्हन्स हे तोफखान्यातील अधिकारी होते, तरीही नातवापर्यंत ते सभासदत्व पोहोचत नव्हते. देशाच्या शतसांवत्सरिक उत्सवाच्या वर्षी, २२ फेब्रुवारी १८७६ रोजी, म्हणजे वॉशिंग्टनच्या जयंतीदिनी, त्यांनी अधिक खुल्या नियमांची ‘सन्स ऑफ द रेव्होल्यूशन’ (क्रांतीचे पुत्र) ही संस्था स्थापन केली. वंशाची अट तिलाही होतीच. पण पूर्वज सेनापती होता की शिपाई, हा प्रश्न तिने सोडून दिला.

आरंभीची सात वर्षे संस्था नावापुरतीच होती. स्टीव्हन्स यांचा वेळ संशोधनात आणि अमेरिकी इतिहासाला वाहिलेल्या एका मासिकाच्या संपादनात जात असे आणि सभासदही मोजके होते. तिला खरा आकार आला तो निरोपाच्या शताब्दीने. ४ डिसेंबर १८८३ रोजी फ्रॉन्सिस टॅव्हर्नच्या त्याच दालनात सभासदांनी कासवाच्या मेजवानीचा जुना थाट करून संस्थेची पुनर्रचना केली. त्या वेळी ते दालन संस्थेचे नव्हते. खाली गुत्ता चालू होता आणि वर पाहुण्यांप्रमाणे पैसे मोजून ही मंडळी बसली होती. त्याआधी आठच दिवस वॉल स्ट्रीटवर वॉशिंग्टनच्या पुतळ्याचे अनावरण झाले होते आणि तो उभारण्यात पुढाकार होता चेंबर ऑफ कॉमर्सचा, म्हणजे याच इमारतीत जन्मलेल्या दुसऱ्या संस्थेचा.

पुढील काही वर्षांत इतर राज्यांत शाखा निघाल्या आणि त्यांनी परस्परांशी कसे जोडून घ्यावे, याविषयी वेगवेगळी मते पुढे आली. १८८९ मध्ये ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही स्वतंत्र संस्था अस्तित्वात आली. दोन्ही संस्थांनी आपापल्या परीने एकाच परंपरेची सेवा केली आहे आणि त्या काळच्या चर्चेचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या संस्थेने सिटी हॉलच्या बागेत नेथन हेल या फाशी गेलेल्या तरुण हेराचा पुतळा उभारला. तो शिल्पकार फ्रेडरिक मॅकमॉनीज यांचा असून आजही तेथे आहे.

१८९० ते १९०४ : वास्तू वाचवण्याची चळवळ

शतक पालटताना या भागातील जमिनीला सोन्याचा भाव आला, जुन्या घरांच्या जागी उंच कचेऱ्या उभ्या राहू लागल्या आणि १९०० च्या सुमारास टॅव्हर्नही पाडली जाणार अशी चिन्हे दिसू लागली. या वेळी जी चळवळ उभी राहिली, तिचे श्रेय प्रामुख्याने स्त्रियांकडे जाते, हे पुरुषांच्या संस्थेच्या स्मरणिकेत मोकळेपणाने नोंदवले पाहिजे. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या महिला संघटनेने आणि ‘अमेरिकन सीनिक अँड हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन सोसायटी’च्या महिला शाखेने निवेदने, सभा आणि वृत्तपत्रांतील लेखन यांद्वारे हा प्रश्न धसास लावला. त्या शाखेच्या प्रमुख मेल्युसीना फे पीअर्स यांनी आधीच्या आयुष्यात गृहिणींच्या घरकामाचे सहकारी तत्त्वावर संघटन करण्याचा प्रयोग केला होता.

मागणी अशी होती की, सरकारने आपला सक्तीने भूसंपादन करण्याचा अधिकार वापरून ही जागा सार्वजनिक उद्यान म्हणून घोषित करावी. गर्दीच्या कोपऱ्यावरील पाच मजली इमारतीला ‘उद्यान’ ठरवणे हे वरवर विनोदी वाटते. परंतु खासगी मालकाच्या जुन्या इमारतीला हात लावू नये असे सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता आणि मोकळ्या बागेसाठी जमीन घेण्याचा मात्र होता. उपलब्ध कायद्याच्या चौकटीत हवे ते बसवण्याची ही युक्ती कामी आली आणि पाडकाम लांबणीवर पडले.

दरम्यान संस्थेचे अध्यक्ष फ्रेडरिक सॅम्युएल टॉलमॅज यांचे निधन झाले. निरोपाचा वृत्तांत लिहिणाऱ्या बेंजामिन टॉलमॅज यांचे हे नातू. त्यांनी मृत्युपत्रात संस्थेला मोठी रक्कम ठेवली होती आणि मुख्यतः तिच्याच आधारे संस्थेने १९०४ मध्ये इमारत खरेदी केली. त्याबरोबर उद्यानाची घोषणा मागे घेण्यात आली. जे दालन आजोबांच्या कागदामुळे लोकांच्या स्मरणात राहिले, ते नातवाच्या कागदामुळे जमिनीवर राहिले. फ्रेडरिक टॉलमॅज यांची प्रतिमा असलेला स्मृतिफलक इमारतीवर आहे.

१९०४ ते १९०७ : जीर्णोद्धार

खरेदीनंतर संस्थेपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो सोपा नव्हता. १७१९ ची इमारत कशी दिसत होती, हे दाखवणारे विश्वसनीय चित्र कोठेच नव्हते. वास्तुविशारद विल्यम मर्सेरो यांच्याकडे काम सोपवण्यात आले आणि त्यांनी, उपलब्ध कागदांपेक्षा भिंतींनाच विचारावे, असा मार्ग धरला. वरचे दोन मजले उतरवले, मागाहून चढवलेले गिलावे खरवडले, जुन्या तुळया व जुने वीटकाम कोठून कोठपर्यंत आहे हे पाहिले. शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर जुने छप्पर जेथे टेकत होते, तेथे त्याची तिरकी खूण राहिली होती. त्या एका रेषेवरून उताराचा कोन ठरवण्यात आला. त्यावरून चारही बाजूंना उतरणारे चौपाखी छप्पर घालण्यात आले आणि त्याच्या माथ्याभोवती कठडा उभारण्यात आला. जेथे खूण सापडली नाही तेथे त्याच काळातील इतर घरांवरून, विशेषतः इंग्रजी धाटणीच्या श्रीमंत व्यापाऱ्यांच्या घरांवरून, अंदाज बांधण्यात आला. ब्रॉड स्ट्रीटकडील भिंतीत जुन्या पिवळ्या विटा होत्या, त्या शक्य तितक्या राखण्यात आल्या.

या कामावर पुढे वास्तुइतिहासकारांनी कडक टीका केली. ही जुनी इमारत नसून जुन्या इमारतीची १९०७ मधील कल्पना आहे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ‘मॅनहॅटनमधील सर्वांत जुनी इमारत’ हे जे बिरुद तिला वारंवार लावले जाते, ते त्यामुळे वादग्रस्त ठरते. टीका बऱ्याच अंशी रास्त आहे. आजच्या शास्त्रानुसार असे काम कोणी करणार नाही. वास्तूवर चढलेले सगळेच थर, अगदी १८५२ चे दोन मजलेसुद्धा, तिच्या इतिहासाचा भाग मानले जातात आणि ते पुसून एका विशिष्ट वर्षापर्यंत मागे जाणे वर्ज्य समजले जाते. परंतु मराठीतील ‘जीर्णोद्धार’ हा शब्द ज्यांच्या कानावर आहे, त्यांना मर्सेरो यांची भूमिका परकी वाटू नये. देवळाचा गाभारा राखून शिखर नवे बांधले, सभामंडप नवा घातला, तरी भाविकांच्या दृष्टीने देऊळ तेच राहते. फक्त नवे कोणते आणि जुने कोणते, हे शिलालेखात प्रामाणिकपणे लिहिलेले असावे, एवढीच अपेक्षा असते. या बाबतीत विसाव्या शतकाच्या आरंभीचे कार्यकर्ते थोडे कमी पडले, हे मान्य करावे लागेल. दीर्घ काळ येणाऱ्या लोकांना सगळेच जुने म्हणून दाखवले गेले.

४ डिसेंबर १९०७ रोजी वास्तू समारंभपूर्वक खुली करण्यात आली. तळमजल्यावर उपाहारगृह आणि वर संग्रहालय व संस्थेची दालने, ही विभागणी तेव्हा ठरली ती अजून तशीच आहे.

१९१० ते १९५९ : संग्रहाची वाढ

पुढची पाच दशके तुलनेने शांततेची होती. सभासदांच्या घरांतून तलवारी, पत्रे, दाखले आणि ध्वज येत गेले, वॉशिंग्टनच्या केसांची बट आणि दाताचा तुकडाही आला आणि संग्रहालयाचा साठा जवळजवळ आपोआप वाढला. शेजारच्या इमारती हळूहळू जोडून घेण्यात आल्या व दालनांची संख्या वाढली.

या काळातील एका कलावंताचा मात्र वेगळा उल्लेख हवा. जॉन वॉर्ड डन्समोर (१८५६–१९४५) यांनी क्रांतियुद्धातील प्रसंगांची चित्रमालिका रंगवली आणि ती संग्रहालयात एका स्वतंत्र दालनात लावलेली आहे. डन्समोर हे नुसते कुंचला धरणारे नव्हते. रेजिनाल्ड पेलम बोल्टन आणि विल्यम कॅल्व्हर या हौशी उत्खननकारांबरोबर ते मॅनहॅटनच्या उत्तर भागातील सैनिकी छावण्यांच्या जागा खणायला जात. मातीतून निघालेल्या गणवेशाच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक असे, आणि कोणत्या पलटणीचे बटण कसे, हे हातात घेऊन पाहिलेले असल्यामुळे त्यांच्या चित्रांतले शिपाई नाटकातले वाटत नाहीत. प्रसंगांची मांडणी भाबडी असेल. बटणे खरी आहेत.

साठ आणि सत्तरचे दशक

१९६३ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत पाडायला सुरुवात झाली आणि न्यूयॉर्ककरांना खडबडून जाग आली. त्यातून एप्रिल १९६५ मध्ये शहराचा वारसावास्तूंसंबंधीचा कायदा झाला, आणि साठ वर्षांपूर्वी ज्यासाठी इमारतीला ‘उद्यान’ म्हणवून घ्यावे लागले होते, ते संरक्षण आता थेट मिळू लागले. २३ नोव्हेंबर १९६५ रोजी फ्रॉन्सिस टॅव्हर्नला शहराच्या वारसावास्तूचा दर्जा मिळाला, मर्सेरो यांच्या कामातील अंदाजांची जाणीव असूनही.

२४ जानेवारी १९७५ रोजी, शुक्रवारी, दुपारच्या जेवणाच्या गर्दीत येथे बाँबस्फोट झाला. त्यात चार जण मृत्युमुखी पडले आणि ५० हून अधिक जखमी झाले. पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचललेल्या ‘एफएएलएन’ या गटाने जबाबदारी स्वीकारली. या स्फोटासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. एका वसाहतीच्या मुक्तीची आठवण जपणाऱ्या जागेवर दुसऱ्या मुक्तीच्या नावाने हा घाला घातला गेला. मृतांची आठवण संस्थेने जपली आहे. दुरुस्ती करून उपाहारगृह व संग्रहालय पुन्हा चालू करण्यात त्या वेळच्या कर्मचाऱ्यांनी, आचाऱ्यांपासून पहारेकऱ्यांपर्यंत, जे धैर्य दाखवले, त्याची नोंद कोणत्याही फलकावर नसली तरी संस्थेच्या इतिहासात ती असणे आवश्यक आहे.

याच दशकात धोका दुसऱ्याही दिशेने आला. टॅव्हर्नला संरक्षण होते, पण तिच्या ठोकळ्यातील इतर जुन्या इमारतींना नव्हते. त्यांतील बहुतेक १८२७ ते १८३३ या काळात व्यापाऱ्यांनी गोदामे व पेढ्या म्हणून बांधलेल्या होत्या आणि त्या पाडून उंच मनोरा बांधण्याचे बेत चालू होते. चहूबाजूंनी काचेच्या भिंती आणि मध्ये एकटी टॅव्हर्न, असे झाले असते तर ती दुकानातल्या खेळण्यासारखी दिसली असती. ‘न्यूयॉर्क लँडमार्क्स कॉन्झर्व्हन्सी’ या तेव्हा नव्याने निघालेल्या संस्थेने हा ठोकळा वाचवण्यात पुढाकार घेतला. १९७७ मध्ये संपूर्ण ठोकळा ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेला आणि १४ नोव्हेंबर १९७८ रोजी शहराने त्याला ऐतिहासिक परिसर म्हणून घोषित केले. एका दालनापासून सुरू झालेली जपणूक अशी एका ठोकळ्यापर्यंत पोहोचली.

१९८० पासून आजपर्यंत

१९७९–८० मध्ये रस्त्यापलीकडे, ८५ ब्रॉड स्ट्रीट येथे, नव्या कचेरीच्या पायासाठी खोदण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. तेथे डच काळातील नगरभवनाची जागा होती आणि तिच्याशेजारी १६७० मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस लव्हलेस याने बांधलेल्या टॅव्हर्नचा पाया मिळाला. तो काढून न टाकता पदपथात जाड काच बसवून तेथेच ठेवण्यात आला आहे. एकाच चौकात टॅव्हर्न जतन करण्याच्या दोन पद्धती त्यामुळे पाहायला मिळतात : एका बाजूला अंदाजाने पूर्ण केलेली, दिवे लागलेली, ताटांचा आवाज येणारी इमारत, दुसऱ्या बाजूला काचेखालचे चार हात दगड, ज्यांना कोणी हात लावलेला नाही. दुपारी कामावरून बाहेर पडणारे लोक त्या काचेवरून चालत जेवायला टॅव्हर्नमध्ये येतात.

२००८ मध्ये टॅव्हर्नच्या वास्तूची स्वतंत्र नोंद राष्ट्रीय नोंदवहीत झाली. तळमजल्यावरील उपाहारगृह चालवण्यासाठी दिले जाते. अलीकडच्या काळात तेथे आयरिश मंडळींचा कारभार आहे आणि पंच मिळतो. वर लाँग रूम अठराव्या शतकातील सार्वजनिक भोजनदालनासारखी मांडलेली आहे : मातीच्या चिलमी, पंचाचे भांडे, अर्धवट सरकवलेल्या खुर्च्या. तिच्याशेजारची क्लिंटन रूम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या पद्धतीने सजवली असून तिच्या भिंतींवर फ्रान्समधील झुबर कारखान्याचा, लाकडी ठशांनी छापलेला, देखाव्यांचा कागद आहे. व्याख्याने, शाळांच्या सहली, ग्रंथालय आणि बदलती प्रदर्शने हे नित्याचे उपक्रम आहेत आणि ४ डिसेंबरची कासव-मेजवानी आजही भरते.

बदलत्या प्रदर्शनांपैकी कार्लटनने नेमलेल्या मंडळाच्या सुनावण्यांवरील प्रदर्शनाची विशेष नोंद करावी लागते. शतकाहून अधिक काळ या दालनांत १७८३ मधील एकाच निरोपाची गोष्ट सांगितली जात होती. आता त्याच वर्षी दर बुधवारी याच घरात उभे राहून आपण कोणाची मालमत्ता नाही हे सिद्ध करणाऱ्या माणसांची नावे, मूळ नोंदवहीच्या आधारे, त्याच घरात वाचायला मिळतात. नोंदवहीत प्रत्येक नावापुढे वय, बांधा आणि पूर्वीच्या मालकाचे नाव आहे, आणि त्याचबरोबर ज्या जहाजावर तो माणूस चढला त्याचेही.